मांजरं सोड, माणसं शोध म्हणे!

गेल्या रविवारी मावशीचा फोन आला. पाच मिनिटं तब्येत, पाऊस, गावाकडच्या लग्नांची यादी वगैरे झाल्यावर गाडी नेहमीच्या स्टेशनात येऊन थांबली. "अरे, किती दिवस मांजरं सांभाळत बसणार आहेस? आता जरा माणसं शोध."

मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. पण वाक्य डोक्यातून जाईना. कारण हेच वाक्य मी ऑफिसातही ऐकलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्येही ऐकलंय आणि एकदा तर ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर एका कॉलेजच्या मित्राकडूनही ऐकलंय. ("मुलींसारखी मांजरं काय पाळतोस रे?" हे वर बोनस.) सगळ्यांच्या बोलण्यात गृहीत एकच. मांजर म्हणजे माणसं न मिळालेल्यांची बदली व्यवस्था. ज्याला खरं कनेक्शन मिळत नाही तो ऑफलाइन मोडमध्ये मांजर घेऊन बसतो.

मंडळी, हे साफ चूक आहे. माझ्या बाबतीत तर बरोबर उलटं झालं. आज बदलापुरात मला जी काही माणसं आहेत, ती मांजरांनी मिळवून दिलेली आहेत. म्हणून आजचं हे पोस्ट. थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आमच्या भागाबद्दल. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. त्याच्या अलीकडे अंबरनाथ, त्याच्या अलीकडे उल्हासनगर. या तिन्ही गावांत माझ्यासारखे हजारो लोक राहतात म्हणजे काय करतात? झोपतात. सकाळी गाडी, मग ठाण्याला बदल, मग ऐरोली, मग क्यूब, मग परत तेच उलट्या क्रमानं. घर इथे का घेतलं? तर परवडलं म्हणून. शेजारी कोण? माहीत नाही. त्यालाही परवडलं असणार.

गंमत बघा, उल्हासनगर वसलं तेच मुळी घर सुटलेल्या माणसांसाठी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरवली गेली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प पाच असंच सांगतात. त्या लोकांनी सगळं गमावलं होतं, पण शेजारी कोण आहे हे त्यांना नक्की माहीत असायचं, कारण शेजारी पडद्यापलीकडेच असायचा. आमचं उलट आहे. आम्ही काहीच गमावलेलं नाही, वन बीएचके आहे, सेफ्टी डोअर आहे, वायफाय आहे. आम्ही निर्वासित नाही, ईएमआयवासी! आणि समोरच्या दारावरच्या पाटीतलं नावही आम्हाला पाठ नाही.

एकटेपणा हा आता जगभर चर्चेचा विषय झालाय. ब्रिटननं २०१८ मध्ये त्यासाठी मंत्री नेमला, जपाननं २०२१ मध्ये. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये अख्खा अहवाल काढला आणि माणसांशी संबंध तुटण्याचा धोका रोज पंधरा सिगारेटींच्या धोक्याशी ताडून दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एक एकटेपणा भोगतोय. सगळं ठीक. पण या सगळ्यावर आमच्याकडे उपाय काय सुचवतात? "लग्न कर." "जिम लाव." "एखादा ग्रुप जॉइन कर." आमच्या एका जुन्या ऑफिसात तर एचआरनं एका शुक्रवारी 'पेट डे' ठेवला होता. चार वाजता कुत्र्याची पिल्लं आली, सगळ्यांनी सेल्फी काढले, पाच वाजता पिल्लं गेली, साडेपाचला रिलीज कॉल. एकटेपणा बहुतेक पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलला.

आता माझी गोष्ट.

मी २०१८ मध्ये बदलापूर पश्चिमेला राहायला आलो. चौदा महिने झाले तरी बिल्डिंगमध्ये वॉचमन सोडून कुणाशी चार वाक्यं बोललो नव्हतो. एकदा तर तापामुळे घरी होतो, तेव्हा शुक्रवार ते सोमवार तोंडातून शब्द निघाला तो फक्त डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगताना. तेव्हा ते फार विचित्रही वाटलं नव्हतं, हे जास्त वाईट.

मग २६ जुलै २०१९ ची रात्र. तुम्हाला आठवत असेल, त्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना एनडीआरएफनं बोटींतून बाहेर काढलं, नौदल आलं, हेलिकॉप्टरं आली. देशभर टीव्हीवर दिसत होतं. आम्हाला दिसत नव्हतं, कारण आमच्याकडे लाइट नव्हते. उल्हास नदी आमच्या पार्किंगमध्ये आली होती. २००५ च्या पुराच्या गोष्टी जुने लोक सांगायचे, त्या मी अतिशयोक्ती समजायचो. त्या पहाटे जिन्यात उभं राहून पाण्यात बुडालेल्या बाइकचे फक्त आरसे पाहिले आणि समज दुरुस्त झाली.

त्या अंधारात खालून बारीक आवाज येत होता. चीं चीं असा. मीटरबॉक्सवर दोन पिल्लं होती. आईनं तिथवर आणून ठेवली असणार, आई कुठे दिसेना. मी कमरेपर्यंतच्या पाण्यात उतरून ती आणली. (फार शूर वगैरे समजू नका. वॉचमन टॉर्च धरून उभा होता आणि मी घाबरलो होतो.)

वर आणली आणि पहिलं काय केलं? जे सगळे करतात तेच. भूक लागली असेल म्हणून फ्रिजमधलं गाईचं दूध चमच्यानं तोंडात ओतलं. तेही माणसाच्या बाळासारखं उताणं धरून. पिल्लू गारठलं होतं, बर्फासारखं. सकाळी नऊच्या सुमारास त्यातलं एक गेलं.

हे मी पहिल्यांदाच लिहितोय. ते पिल्लू पुरानं नाही मेलं, माझ्या अज्ञानानं मेलं. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची असते. अंग गरम झाल्याशिवाय दूध द्यायचंच नाही, पचत नाही. उताणं धरून पाजलं तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. पालथं, पोटावर ठेवून पाजायचं. गाईच्या दुधानं जुलाब होतात, पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. अगदी लहान असेल तर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा, आणि पाजल्यावर ओल्या कापसानं पुसून शी-शू करवावी लागते, कारण ती त्यांना आपली आपण करता येत नाही. यातलं मला त्या पहाटे काहीही माहीत नव्हतं. फोनला बारा टक्के बॅटरी आणि नेटवर्क शून्य. गूगल नाही. म्हणजे आता विचारणार कुणाला?

माणसांना! दुसरा पर्यायच नव्हता.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी समोरच्या दाराची कडी वाजवली. दार उघडलं त्या काकूंना मी नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अरे हो, तो उशिरा येणारा ना तू?" म्हणजे त्यांना मी माहीत होतो! त्यांनी दुसरं पिल्लू हातात घेतलं, पदरात गुंडाळलं, गॅसवर पाणी तापवून बाटलीत भरलं, बाटलीला फडकं गुंडाळून त्याला टेकवून ठेवलं. तासाभरानं ड्रॉपरनं थेंब थेंब पाणी. "मांजर सटवाईचं असतं बाबा, असं टाकू नये," असं काहीतरी पुटपुटत होत्या. माझा सटवाईवर विश्वास नाही. पण तिचं वाहन मांजर का असावं, ते त्या सकाळी कळल्यासारखं वाटलं.

ते पिल्लू जगलं. एका डोळ्यावर काळा डाग, आणि वीकेंडला घाईघाईत आलेलं. म्हणून नाव पॅच. :-)

इथून पुढे जे झालं त्याला मी मुद्दाम क्रमानं लिहितो, कारण माझा मुद्दा त्या क्रमातच आहे. दूध पावडर कुठे मिळते हे विचारायला मेडिकलवाल्याशी बोलावं लागलं. लस द्यायला डॉक्टर शोधावा लागला, त्यांच्या कंपाउंडरनं टोपलीचं झाकण दोरीनं कसं बांधायचं ते शिकवलं. दिवसभर ऑफिसात असल्यावर पॅचकडे बघणार कोण, म्हणून किल्ली काकूंकडे गेली. किल्ली दिल्यावर शनिवारचं जेवण काकूंकडे आपोआप सुरू झालं. बी विंगमध्ये एक सिंधी काका आहेत, त्यांचं उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायचं युनिट. त्यांनी अंथरायला कापडाच्या चिंध्यांची पिशवी भरून दिली आणि वर चहा पाजून तासभर आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. १९४८ ला कराचीहून बोटीनं आलेले, बराकीत तरटाचे पडदे लावून राहिलेले. हे काका दोन वर्षं माझ्याबरोबर त्याच लिफ्टमधून जात होते!

पुढे पॅचला एकदा लघवी अडली. बोक्यांमध्ये हे होतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तेव्हा मी त्याला घेऊन परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला गेलो. खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, एकोणिसाव्या शतकात एका पारशी कुटुंबाच्या देणगीतून उभं राहिलेलं. लोक आजही बैलघोडाच म्हणतात. मालडब्यात टोपली मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी भाजीच्या पाट्या. कर्जतकडच्या एका मावशींनी विचारलं, "काय झालं हो त्याला?" आणि कल्याण येईपर्यंत अख्खा डबा पॅचच्या मूत्राशयावर चर्चा करत होता. इतकी वर्षं लोकलनं जातोय, पण कुणी मला "काय झालं" असं त्याआधी विचारलं नव्हतं. मीही कुणाला नाही.

तर मुद्दा हा. मांजर एकटेपणा घालवत नाही. अजिबात नाही. पॅच दिवसातले बरेच तास झोपतो आणि उरलेल्यात माझ्याकडे मी भाडेकरू असल्यासारखं बघतो. मांजर काय करतं, तर तुम्हाला मागायला लावतं. ऊब माग, किल्ली ठेवायला जागा माग, रिक्षा थांबवायला माग. आपल्या पिढीला हेच येत नाही. आपण सगळं विकत घेतो, ॲपवरून, दाराशी. स्वतःसाठी कुणाकडे वाटीभर साखर मागायची आपल्याला लाज वाटते. पण हातात गारठलेलं पिल्लू असलं की लाज गळून पडते. आणि ज्याच्याकडे आपण मागतो तो आपला होतो, हा जुना नियम अजून चालू आहे. डेप्रिकेट झालेला नाही.

"मांजर स्वार्थी, ते घराचं असतं, माणसाचं नसतं" असं सांगणारेही भेटतात. २०१९ मध्येच अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी पिल्लांवर एक प्रयोग केला. माणूस दोन मिनिटं खोलीतून बाहेर गेला आणि परत आला तर पिल्लू कसं वागतं ते पाहिलं. सुमारे ६४ टक्के पिल्लं परत आलेल्या माणसाकडे येऊन निवांत झाली. माणसाच्या बाळांमध्येही प्रमाण साधारण एवढंच असतं. तेव्हा स्वार्थी म्हणायचं असेल तर बाळांनाही म्हणा.

आता दुसरी बाजू. ती गोड नाही.

काही वर्षांनी सोसायटीत अकरा मांजरं झाली. तक्रारी सुरू झाल्या, आणि सगळ्याच खोट्या नव्हत्या. जिन्यात घाण होत होती. एका आजोबांच्या पायाला ओरखडा आला, त्यांना इंजेक्शनं घ्यावी लागली. कुणाला दम्याचा त्रास. हे सगळं खरं आहे आणि प्राणिप्रेमी मंडळी हे ऐकूनच घेत नाहीत, यावर माझा राग आहे. पिशवीभर खाणं जिन्यात ओतून निघून जायचं आणि वर "तुम्हाला दया नाही" म्हणायचं, याला भूतदया म्हणत नाहीत. ही घाण दुसऱ्याच्या दारात टाकून पुण्य स्वतःच्या खात्यात घेणं झालं.

पण सोसायटीनं काय केलं? एका सकाळी कुणालातरी पैसे देऊन पाच मांजरं गोणीत भरली आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत सोडून दिली. ग्रुपवर मेसेज आला: "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड." खाली अंगठेच अंगठे.

मी, काकू आणि आमचा रिक्षावाला दादा संध्याकाळपासून रात्री साडेअकरापर्यंत आनंदनगर एमआयडीसीच्या रस्त्यांवर भांडं वाजवत फिरलो. तीन सापडली. एक ट्रकखाली दिसली. एकीचा पत्ता आजतागायत नाही. तिला पिल्लं पाजायची होती. ती चार पिल्लं आमच्या गच्चीवरच्या टाकीमागे ओरडत होती, आणि त्या रात्री दोन-दोन तासांनी त्यांना पाजणारे आम्ही तिघं होतो. त्यातली दोन जगली.

"प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड"वाल्यांना मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक, हे गुन्ह्यात मोडतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला भुकेनं, तहानेनं हाल होतील अशा ठिकाणी टाकून देणं ही क्रूरताच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! म्हणजे दोन वडापाव आणि कटिंगच्या भावात जीव रस्त्यावर टाकता येतो. हा आकडा बदला अशी ओरड आपण करायला हवी. मारणं किंवा लुळं करणं मात्र स्वस्त नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

दोन, हे मूर्खपणाचंही आहे. मांजरं येतात ती उघड्या कचऱ्यामुळे आणि उंदरांमुळे. तो सोर्स तसाच ठेवून पाच मांजरं हलवली तर रिकाम्या जागी दुसरी पाच येतात. बग तसाच ठेवून फक्त लॉग डिलीट करण्यासारखं आहे हे. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि दोन महिन्यांत विते. गोणी घेऊन तुम्ही या गणितापुढे धावू शकत नाही. उपाय एकच, निर्बीजीकरण. आम्ही शेवटी वर्गणी काढली (ओरखडा आलेल्या आजोबांनी पहिले पाचशे दिले, हे मुद्दाम सांगतो), एकेक मांजर नेऊन ऑपरेशन केलं, रेबीजची लस दिली, खाण्याची एक जागा आणि वेळ ठरवली, नंतर जागा धुवायची पाळी लावली. आज सहा आहेत. नवीन पिल्लू बरेच दिवसांत झालेलं नाही. आणि पाळीच्या वहीत चौदा घरांची नावं आहेत.

तीन, हे वर्गणीवर किती दिवस चालणार? भटक्या प्राण्यांची सगळी चर्चा कुत्र्यांभोवती फिरते. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात जे गाजलं तेही कुत्र्यांवरूनच. उल्हासनगरची महापालिका असो, अंबरनाथ किंवा कुळगाव-बदलापूरची नगरपरिषद असो, मांजरांच्या निर्बीजीकरणासाठी त्यांच्या बजेटमध्ये वेगळी ओळ असलीच पाहिजे. टॉवरला परवानगी देताना पार्किंग मोजता ना, मग त्या टॉवरच्या कचऱ्यावर जगणारे जीवही मोजा.

आणि आपल्याच बिरादरीला एक. पर्शियन मांजर हप्त्यानं विकत घ्यायची, इन्स्टावर वाढदिवस साजरा करायचा, आणि ऑनसाइट मिळालं की "कुणाला हवी का" असा एक फॉरवर्ड टाकून गेटबाहेर सोडायची, हे प्रकार मी एकापेक्षा जास्त पाहिलेत. त्या मांजरीला कबुतर धरता येत नाही, कुत्र्यापासून पळता येत नाही. गोणीवाल्यांपेक्षा तुम्ही वाईट, कारण तिचा तुमच्यावर विश्वास होता. व्हिसा येण्याची शक्यता असेल तर मांजर आणू नका. शेजारच्या मांजराच्या पाळीत नाव लिहा, तेवढं पुरे.

कुणी म्हणेल, तुझं जमलं, पण प्रत्येक एकट्याला मांजर जमेल का? नाही जमणार. खूप खचला असाल तर आधी डॉक्टरकडे जा, मांजर औषध नाही आणि त्याच्यावर ते ओझं टाकूही नका. उपाशी ठेवलेलं मांजर आणि न जेवलेला माणूस एका घरात, हे दोघांनाही वाईट. पण ज्यांचा एकटेपणा माझ्यासारखा आहे, म्हणजे आजार नाही, नुसतं बंद दार आहे, त्यांना मी सांगेन की खाली उतरा. पार्किंगमध्ये आवाज येतोय का बघा. पिल्लू दिसलं तरी लगेच उचलू नका, आई खाणं शोधायला गेलेली असू शकते, लांबून दोन-तीन तास लक्ष ठेवा. गारठलेलं असेल तर मात्र थांबू नका. आणि उचललंत तर पहिलं काम गूगल नाही. समोरची कडी वाजवा.

मावशीला मी परत फोन करणार आहे. सांगणार आहे की माणसं शोधली, आता ये एकदा बघायला. काकूंनी तिच्यासाठी शनिवारचं जेवण ठरवूनही टाकलंय.

असो. साडेनऊ झाले. आज खाण्याची जागा धुवायची पाळी माझी आहे, आणि बी विंगमधून काकांनी दोनदा हाक मारून झाली आहे.